सत्तेचाळीसचा स्पीड आणि भाच्याचं लायसन

जानेवारीतल्या एका रविवारी रात्री साडेदहाला आक्काचा फोन आला. आक्का नऊला झोपते, त्यामुळं स्क्रीनवर नाव बघूनच पोटात गोळा आला. "पिंट्याचं लायसन काढून घेतलं रे," म्हणाली. मी पहिल्यांदा विचारलं, कुणाला धडकला काय? नाही. पिऊन होता? "माझा पोरगा तसला न्हवं!" मग? "जोरात गेला म्हणे." किती जोरात? तिनं बहुतेक कागदावर लिहून ठेवलं होतं, चष्मा शोधायचा आवाज आला, मग म्हणाली, "तीनदा पकडलंय. त्यातलं एक सत्तेचाळीस."

मी हसलो. खरंच हसलो, नंतर त्याबद्दल दोन दिवस बोलून घेतलं तिनं. पण तुम्हीच सांगा, सत्तेचाळीस म्हणजे काय स्पीड आहे? आमच्या बेळगावच्या शहापुरात दुधाच्या किटल्या लावलेली एम-एटी सुद्धा त्याच्यापेक्षा जोरात जायची.

पिंट्या म्हणजे माझा भाचा, आक्काचा पोरगा, इंग्लंडात लेस्टरला असतो. २०२१ ला एमएस्सी करायला गेला आणि तिथंच नोकरी लागली, वेअरहाऊसमधे सॉफ्टवेअर बघतो, शिफ्ट असते, पहाटे पाचला पोचायचं तर गाडी लागतेच म्हणून सेकंडहँड कोर्सा घेतली. आता हे सगळं लिहायचं कारण असं की दुसऱ्या दिवशी त्याच्याशी तासभर बोललो तेव्हा मला कळलं की तिथं नव्या ड्रायव्हरसाठी वेगळाच कायदा आहे, आणि आपल्याकडनं जी पोरं तिकडं जाऊलालीत त्यातल्या निम्म्यांना तो माहीतच नसणार. निम्मं बेळगाव हल्ली पोरांना तिकडं पाठवतंय, तर असूदे.

कायदा १९९५ चा आहे, लागू झाला १ जून १९९७ पासून. तिकडं चलान म्हणजे नुसते पैसे नाहीत, लायसनवर पॉइंट चढतात. जुन्या ड्रायव्हरला तीन वर्षांत बारा पॉइंट झाले की गाडी चालवायला बंदी येते. पण टेस्ट पास झाल्यापासून पहिली दोन वर्षं ही मर्यादा निम्मी, सहा पॉइंट. आणि सहा झाले तर बंदी वगैरे नाही, लायसनच रद्द. कोर्ट पण करत नाही ते, स्वान्सीला त्यांचं लायसनचं ऑफिस आहे, डीव्हीएलए म्हणतात, तिथनं सरळ पत्र येतं की अमुक तारखेपासून तुझं लायसन नाही. मग पहिल्यापासून सगळं: लर्निंग काढा, गाडीला पुढंमागं लाल एल लावा, शेजारी एकवीस वर्षांवरचा, तीन वर्षं लायसन असलेला माणूस बसवा, लेखी द्या, मग परत रस्त्यावरची टेस्ट. साध्या स्पीडिंगला कमीत कमी तीन पॉइंट. म्हणजे दोन चुका केल्या की संपलं.

मी म्हटलं, अरे पण तू नवीन कुठं? २०१६ पासनं गाडी चालवुलालास, वंटमुरीचा घाट डोळे झाकून उतरतोस! तर म्हणे मामा, ते धरत नाहीत. इंडियाच्या लायसनवर तिथं एक वर्ष चालवता येते, पुढं त्यांचीच टेस्ट द्यायला लागते, आणि दोन वर्षं मोजतात ती तिथली टेस्ट पास झाल्या दिवसापासून. पठ्ठ्याची बेळगावातली पाच वर्षं, कोल्हापूर-गोवा-बेंगळूरच्या सगळ्या खेपा, शून्य. २०२३ च्या फेब्रुवारीत दुसऱ्या खेपेला पास झाला होता. पहिल्यांदा नापास कशात, तर आरसा बघितला नाही म्हणून. बघत होता म्हणे, पण मान हलवून बघत नव्हता.

तर पहिल्यांदा घावला तो पास झाल्यावर पाचच महिन्यांत, तीसच्या रस्त्यावर छत्तीसनं. तिथलं तीस म्हणजे मैल, आपलं अठ्ठेचाळीस, आणि छत्तीस म्हणजे अठ्ठावन्न. पहिलीच वेळ आणि थोडंच जास्त असलं तर पॉइंटऐवजी क्लास करायचा पर्याय देतात, फी भरायची आणि दोन-तीन तास ऑनलाइन बसायचं, ब्रेक लावल्यावर गाडी किती फुटांवर थांबते वगैरे शिकवतात. यानं कॅमेरा चालू ठेवून, वर शर्ट खाली लुंगी घालून तो क्लास केला आणि विसरून गेला. पण तो क्लास तीन वर्षांत एकदाच मिळतो. म्हणजे हुकमाचा पत्ता पहिल्याच हाताला टाकून बसला.

दुसरं ते सत्तेचाळीस. पुढच्या एप्रिलात चार मित्र वेल्सला डोंगर बघायला निघाले. वेल्समधे २०२३ च्या सप्टेंबरपासून वस्तीतले बहुतेक रस्ते तीसवरनं वीसवर आणलेत, वीस मैल म्हणजे बत्तीस किलोमीटर. हा एका खेड्यातनं एकोणतीसनं गेला, म्हणजे आपल्या सत्तेचाळीसनं. रस्त्यावर कुत्रं नव्हतं म्हणे. पंधरवड्याच्या आत घरी पत्र, शंभर पौंड आणि तीन पॉइंट.

हे पत्र प्रकरण जरा नीट सांगतो, कारण यात आपली पोरं अडकू शकतात. कॅमेऱ्यानं नंबर टिपला की गाडी ज्याच्या नावावर त्याला पहिलं पत्र येतं, त्या वेळी गाडी कोण चालवत होतं ते सांग म्हणून. अठ्ठावीस दिवसांत उत्तर द्यायचं. आपण काय करतो, असलं काही आलं की टीव्हीखालच्या ड्रॉवरमधे ठेवतो. तिथं उत्तरच दिलं नाही तर तो वेगळा गुन्हा, आणि त्याला सहा पॉइंट! म्हणजे नव्या ड्रायव्हरचं लायसन स्पीडनं नाही, पत्र न उघडल्यानं जाऊ शकतं. जुना पत्ता तसाच ठेवून खोली बदलणारी स्टुडंट पोरं तर यात हमखास सापडणार.

तिसरं जे झालं ते ऐकून मी गप्प झालो, कारण त्यात माझा हात आहे.

पिंट्याला गाडी मी शिकवली. सांबऱ्याच्या रोडला सकाळी सहाला, माझ्या जुन्या एटहंड्रेडवर. क्लच-गिअर दोन आठवड्यांत आलं त्याला, पोरगं हुशार. पण खरं शिकवलं ते हायवेवर. मला स्पेअर पार्टचा माल आणायला महिन्यातनं दोनदा कोल्हापूरला जायला लागायचं, त्याला घेऊन जायचो. एकशेदहा किलोमीटर, आणि "सव्वा तासात कोल्हापूर" हे मी दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचो, ते काय कमीपणाचं म्हणून सांगत नव्हतो. संकेश्वर सोडलं की मी म्हणायचो, दाब की गा, मोकळा आहे रस्ता. तवंदी घाटात मात्र दम धर म्हणायचो, तेवढी अक्कल होती. आणि दोन गोष्टी खास शिकवल्या. एक, पलीकडच्या लेननं येणाऱ्या गाडीनं दोनदा डिपर मारला की पुढं पोलिस आहेत, पाय काढ. दुसरी, महाराष्ट्रात शिरल्यावर स्पीडगनची पांढरी गाडी झाडाखाली असते, ती दिसली की साठवर ये, ती गेली की परत दाब. सोप्पं.

२०२४ च्या नोव्हेंबरात तिकडच्या मोटरवेवर रस्त्याचं काम चालू होतं, लिमिट पन्नास मैल, आपलं ऐंशी. पिवळ्या खांबांवर कॅमेरे. पिंट्यानं मामानं शिकवलेलं केलं, खांब आला की पाय काढला, खांब गेला की दाबला. सहा-सात खांब असंच. फक्त ते कॅमेरे त्या जागेचा स्पीड मोजतच नव्हते. पहिल्या खांबाला नंबर टिपायचा, पुढच्या खांबाला टिपायचा, मधलं अंतर भागिले लागलेला वेळ. सरासरी. हा आपला खांबाखाली साधू आणि मधे रावण, आणि सरासरी निघाली एकोणसाठ. पंच्याण्णव किलोमीटर.

"तुला बोर्ड दिसला नाही?"
"दिसला की."
"मग?"
"मामा, सवय."

अजून तीन पॉइंट. सहा. दोन वर्षं व्हायला तीन महिने कमी होते.

मी मारे हुशारीनं म्हटलं, तारीख लांबव की, फेब्रुवारी गेला की सुटलास. चालत नाही. गुन्हा कुठल्या दिवशी केला ते धरतात, निकाल कधी लागला ते नाही. पास व्हायच्या आधीचे, एल लावलेल्या काळातले पॉइंट सुद्धा, जिवंत असले तर, या सहात धरतात. सगळ्या फटी बुजवून ठेवल्यात.

मग आक्कानं तिची आयडिया काढली. आक्का सरळ बाई आहे, एकादशी चुकवत नाही, पण पोराचं आलं की वकील होते. "तुझ्याबरोबर तो खोलीतला पोरगा असतो न्हवं? त्याचं लायसन जुनं आहे म्हणतोस. त्याचं नाव घाल की. तीन पॉइंटनं त्याला काय होणाराय!" व्हिडिओ कॉलवर पिंट्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणाला, आई, जेलात घालतात. आक्काला पटेना, एवढ्याश्यासाठी कुठं जेल असते व्हय. तर त्यानं गोष्ट सांगितली ती मी नंतर शोधून वाचली, खरी आहे. ख्रिस ह्यून नावाचा मंत्री होता, वीजबिज खात्याचा. त्यानं २००३ साली स्पीडचे पॉइंट स्वतःच्या बायकोच्या नावावर घेतले होते, का तर आणखी तीन पॉइंट म्हणजे त्याला बंदी. पुढं दोघांचं फाटलं, बाईनं ते बाहेर काढलं, आणि मार्च २०१३ मधे दोघांनाही आठ-आठ महिन्यांची शिक्षा. तीन पॉइंटसाठी मंत्रिपद गेलं, खासदारकी गेली, जेल झाली. आक्का सगळं ऐकून म्हणाली, "बायकोला दुखवायचं नव्हतं त्यानं." तिच्या लेखी केसचा मुद्दा तो होता.

एक रस्ता अजून होता, तिथल्या कुणी वकिलानं पिंट्याला सांगितलेला. दंड भरून पॉइंट घेण्यापेक्षा कोर्टात जायचं आणि म्हणायचं, साहेब मला पॉइंट देऊ नका, त्याऐवजी पंधरा दिवस गाडी बंद करा. बंदी दिली की त्या गुन्ह्याचे पॉइंट पडत नाहीत, म्हणजे सहा होत नाहीत, आणि पंधरा दिवसांनी लायसन परत हातात. ऐकायला झकास. पण मॅजिस्ट्रेट लोकांना शिक्षेबद्दल ज्या सूचना असतात त्यातच लिहून ठेवलंय की नवे ड्रायव्हर असं मागतील आणि साधारणपणे ते देणं बरोबर नाही, कारण पार्लमेंटनं कायदा ज्यासाठी केला त्यालाच ते बगल देणं होतं. शिवाय कोर्टात गेलं की दंड आठवड्याच्या पगारावर मोजतात आणि वर खर्च. पिंट्यानं गुमान शंभर पौंड भरले. मग स्वान्सीचं पत्र.

आता माझं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल मामा मोठा शहाणा.

२०२३ च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारनं तुंबलेली ट्रॅफिक चलानं निम्म्यात भरायची सवलत दिली होती, आठवतंय? लोकांनी रांगा लावल्या होत्या. त्या रांगेत मी होतो. माझ्या गाड्यांवर सात निघाली. पाच स्पीडची, हजार-हजार, आणि दोन बिनहेल्मेटची पाचशेची. सहा हजाराचं काम तीन हजारात झालं. घरी येताना कुंदा घेऊन आलो, खरं सांगतो. वाचलेल्या तीन हजाराचा आनंद. ती चलानं मोबाईलवर कधी आली होती ते आठवत पण नाही, मेसेज कन्नडमधे, मला अक्षर लागतं पण सावकाश, पुढं काय लिहिलंय ते बघायच्या आत अंगठा वर सरकतो. आता कन्नडचा दोष सांगून सुटायचं तर महाराष्ट्रातलं चलान मराठीत येतं, ते तरी मी कुठं वाचलं.

त्या पाच स्पीडच्या चलानांतली दोन माझी नाहीतच. एक पिंट्याचं, सुट्टीला आला होता तेव्हाचं, आणि एक दुकानातल्या पोराचं. कुणी विचारलं नाही कोण चालवत होतं. गाडी माझी, नंबर माझा, पैसे माझे, संपलं. पिंट्याच्या त्या पाच वर्षांच्या ड्रायव्हिंगचा कागदावर कुठंच डाग नाही, सगळे डाग माझ्या नंबरप्लेटवर.

आणि गंमत म्हणजे कायदा आपल्याकडं नाही असं नाही. २०१९ ला मोटार वाहन कायदा बदलला तेव्हा कारच्या स्पीडिंगला हजार ते दोन हजार दंड झाला आणि दुसऱ्यांदा सापडलं तर लायसन जप्त करायचं लिहिलं. जप्त केलेलं लायसन आरटीओकडं जातं, तिथं तुमचं म्हणणं ऐकून पहिल्या वेळेला तीन महिने बंद आणि परत झालं तर रद्द करता येतं, वर ड्रायव्हिंगचा क्लास केल्याशिवाय परत देऊ नये असंही आहे. २०१५ ला सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीनं तर ओव्हरस्पीडला निदान तीन महिने लायसन सस्पेंड कराच म्हणून राज्यांना सांगितलं होतं. कर्नाटकात १ ऑगस्ट २०२४ पासून एकशेतीसच्या वर गेलं तर थेट एफआयआर, आलोक कुमार साहेब राज्याच्या ट्रॅफिक पोलिसांचे वरचे साहेब, एडीजीपी, होते तेव्हा. पण हे सगळं चार महिन्यांपूर्वी लायसन मिळालेल्या पोराला आणि तीस वर्षं चालवणाऱ्या मला सारखंच. नव्याला जरा जपून, असं कुठं नाही. उलट आपल्याकडं उलटं, नवीन आहे, जाऊदे, शिकेल.

माझ्या काउंटरवर रोज बघतो ना मी. अठरा झालं की दुसऱ्या दिवशी पोरगं येतंय, सायलेन्सर दाखवा, आवाजाचा पाहिजे. अठरा व्हायच्या आधीच येणारी पण आहेत, बापच घेऊन येतो. मी एकदा एका बापाला म्हटलं, पोराचं वय पकडलं तर तुम्हाला तीन वर्षांपर्यंत जेल आणि पंचवीस हजार दंड आहे, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, आणि पोराला पंचवीस पूर्ण होईपर्यंत लायसन नाही. तो म्हणाला, "ट्युशन लांब आहे हो, तिसऱ्या गेटापलीकडं." आणि इंडिकेटर घेऊन गेला. मी विकला. बंद करू व्हय दुकान?

पिंट्याचं आता असं चाललंय. पहाटेच्या शिफ्टला बस नाही, म्हणून सायकल घेतली, थंडीत चाळीस मिनिटं. इन्शुरन्सवाल्यांना कळवायला लागलं, पुढच्या वर्षी हप्ता किती सांगतील देव जाणे. लेखी परत दिली, पन्नास प्रश्नांतले त्रेचाळीस बरोबर यायला लागतात, वर व्हिडिओ दाखवतात आणि रस्त्यात धोका कुठं तयार होतोय ते दिसल्याबरोबर क्लिक करायचं, पंचाहत्तरपैकी चव्वेचाळीस. पहिल्या वेळेला त्यात जेमतेम निघाला होता, या वेळी साठच्या वर मिळाले. रस्त्यावरच्या टेस्टची तारीख पाच महिन्यांनंतरची मिळाली, ती पण दुसऱ्याच गावात.

सरावाला शेजारी कोण बसतं विचारलं तर म्हणे ऑफिसातला एक धारवाडचा आहे, पंचेचाळीसचा, पंधरा वर्षं तिकडं आहे. पिंट्या मराठी शाळेतला, कन्नडच्या तासाला मागच्या बाकावर पत्ते खेळलेला. आता दर शनिवारी दोन तास तो माणूस शेजारी बसतो आणि जरा काटा वर गेला की गुडघ्यावर हात ठेवून म्हणतो, "निधान, निधान." हळू, हळू. एवढं कन्नड आपल्या सगळ्यांनाच येतं.

गेल्या आठवड्यात आक्काला अंबाबाईला जायचं होतं, पोरासाठी ओटी भरायची म्हणून, मीच घेऊन गेलो. एरवी आक्का मागं बसते आणि हत्तरगीच्या टोलपर्यंत झोपते. या वेळी पुढं बसली. पट्टा स्वतःच लावला. सहापदरीच्या कामामुळं ठिकठिकाणी वळवलंय, तिथं हळूच होतो, पण संकेश्वरच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला आणि पाय आपोआप गेला. जन्मात कधी तिनं मीटरकडं बघितलेलं मला आठवत नाही.

"किती आहे रे?"

"ऐंशी असंल."

"खोटं बोलू नको. मला इथनं काटा दिसुलालाय."